बडोद्यातल्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाचं ४० जीबी रेकॉर्डिंग २५ जणांना द्यायचंय. टॉरेंट वापरावं का?

हो, वापरा. टॉरेंट म्हणजे चोरीचा माल हा समज सोडा. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट हे टॉरेंटमागचं तंत्र आणलं ते मोठ्या फायली वाटण्यासाठीच.

खरी अडचण अपलोडची. तुमच्या दांडिया बाजारातल्या घरून २० एमबीपीएस अपलोड मिळतोय असं धरलं, तर एका प्रतीला साधारण साडेचार तास. २५ जणांना वेगवेगळी पाठवायची तर शंभर तासांवर जाईल. टॉरेंटमध्ये फाइलचे तुकडे होतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो तो इतरांना देऊ लागतो. त्यामुळे पंगतीत वाढायला एकटे तुम्हीच राहत नाही. प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्यातल्या माहितीवरून काढलेली ओळखखूण) तपासला जातो, म्हणून खराब झालेला तुकडा आपोआप पुन्हा मागवला जातो. मध्येच वीज गेली तरी राहिलेलंच उतरतं.

टॉरेंट चालवायला क्यूबिटटॉरेंट हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे नि जाहिराती नाहीत. पहिली पूर्ण प्रत कुणाकडे तरी पोचेपर्यंत तुमचा संगणक चालूच ठेवा. (लोक डाउनलोड झालं की लगेच बंद करतात, त्यांना आधीच दम भरा!)

वेग शून्यावर अडकला तर बहुधा सीजीनॅट आडवं येतंय, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय आणि बाहेरून कुणाला तुमच्या संगणकाशी थेट जोडता येत नाही. कंपनीकडे पब्लिक आयपी (बाहेरून पोचता येणारा स्वतंत्र पत्ता) मागा, किंवा ज्याच्याकडे तो आहे त्याला आधी पेन ड्राइव्हवर प्रत देऊन सीडिंगला, म्हणजे इतरांना तुकडे पुरवायला बसवा.

टॉरेंटची लिंक बाहेर गेली की आवरता येत नाही, म्हणून नाटककाराची परवानगी आधी घ्या.