परवान्याचं पिस्तूल कमरेला आणि पुढं नाकाबंदी

हुपरीच्या एका मित्रानं विचारलंय. चांदीच्या धंद्यासाठी त्यांना नुकताच .३२ पिस्तुलाचा परवाना मिळाला आहे. आठवड्यातून दोनदा कोल्हापूरच्या गुजरीतलं, म्हणजे सराफ बाजारातलं, काम उरकून रात्री परत जावं लागतं आणि वाटेत हमखास नाकाबंदी लागते. थांबवलं तर हत्याराचं आपण होऊन सांगायचं की विचारलं तरच? आणि कुणी 'दाखवा' म्हणालं तर काढून हातात द्यायचं का?

आधी उत्तर देतो. रात्रीच्या नाकाबंदीत आपण होऊन सांगा, हात हलवायच्या आधी सांगा, आणि पिस्तूल जिथं आहे तिथंच राहू द्या. पण चुका होतात त्या बारीक गोष्टींत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा परवाना वीस वर्षांपेक्षा जुना आहे. आधी आजोबांची बारा बोअरची बंदूक नावावर करून घेतली, पुढं पेट्रोल पंपाची रोकड ने-आण करायची म्हणून पिस्तूल घेतलं. एवढ्या वर्षांत एकदाच खरी पाचावर धारण बसली आणि चूक माझीच होती. पावसाळ्यातली रात्र, साडेअकरा वाजलेले. शिये फाट्याकडून शहरात येत होतो, पोरगा शेजारी. बॅरिकेडजवळ रेनकोट घातलेला एक तरुण शिपाई आला, हातात बॅटरी. 'लायसन दाखवा.' माझी सगळी कागदपत्रं एकाच पाकिटात आणि ते पाकीट डॅशबोर्डच्या कप्प्यात. त्याच पाकिटावर पिस्तूल, कारण सीटबेल्टखाली कमरेला टोचतं म्हणून मी ते काढून आत ठेवलं होतं. मी एक शब्द न बोलता कप्पा उघडला. बॅटरीचा झोत आत पडला तो थेट पिस्तुलाच्या मुठीवर, आणि त्याच क्षणी माझा हात तिथून अर्ध्या फुटावर होता.

त्या शिपायाचा आवाज मला अजून ऐकू येतो. 'हात! हात बाहेर!' तो दोन पावलं मागं सरकला, मागच्या दोघांनी गाडीला वेढा दिला. मी हात तसाच ठेवून गोठलो. माझा पोरगा ओरडला, 'साहेब, परवाना हाय, परवान्याचं हाय!' म्हणून पुढचं निभावलं. मग ठाण्यात तासभर बसलो. नंबर ताडून बघितला, राउंड (गोळ्या) मोजले, सगळं जुळलं आणि सोडलं. फौजदारांनी चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, 'त्याची नोकरी लागून चार महिने झालेत. तुम्ही कोण हे त्याला कसं कळावं?' मला राग येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्या पोराच्या जागी माझा मुलगा असता तर त्यानं मागं सरकावं असंच मला वाटलं असतं.

त्या रात्रीपासून परवाना आणि पिस्तूल मी कधीही एका जागी ठेवत नाही. पिस्तूल उजव्या कमरेला असेल तर पाकीट शर्टाच्या डाव्या खिशात. पँटच्या मागच्या खिशात नको, कारण मागं हात घालताना शर्ट वर सरकतो आणि नेमकी मूठ उघडी पडते. मोटरसायकलवर तर हे हमखास होतं. गाडीच्या कप्प्यात किंवा सीटखाली ठेवायची सवय तर मोडाच. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्वरसारखं छोटं हत्यार होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असावं लागतं. सीटखाली घरंगळणारं पिस्तूल ताब्यात आहे असं कोण म्हणेल?

आता थांबवल्यावर काय करायचं ते. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद, आतला दिवा लावा, दोन्ही बाजूच्या काचा खाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला, बोटं दिसतील असे. मोबाइल हातात नको, अंधारात चमकणारी कुठलीही काळी वस्तू संशय वाढवते. दुचाकीवर असाल तर स्टँड लावून हँडलवर हात ठेवून बसा, हेल्मेट ते सांगतील तेव्हा काढा. कर्मचारी खिडकीशी आला की नमस्कार करून शांतपणे बोला. माझं वाक्य ठरलेलं आहे: 'साहेब, माझ्याकडं परवान्याचं हत्यार आहे. उजव्या कमरेला आहे. परवाना डाव्या खिशात आहे, काढू का?'

ह्या वाक्यात शब्दांचा क्रम महत्त्वाचा आहे. हत्यार हा शब्द कानावर पडण्याआधी परवाना हा शब्द पडला पाहिजे. 'साहेब, पिस्तूल आहे माझ्याकडं, पण परवाना आहे' असं म्हणालात तर 'पण'च्या पुढचं ऐकायला समोरचा थांबेलच असं नाही. 'घोडा', 'सामान' असले शब्द तोंडून चुकूनही जाऊ देऊ नका, ते गुन्हेगारांचे शब्द आहेत आणि पोलिसांच्या कानाला ते बरोबर कळतात. शेवटचं 'काढू का' सुद्धा सोडू नका. ते 'हां, काढा' म्हणाले की मग एकच हात, सावकाश. उजवा हात स्टिअरिंगवरच राहील.

आपण होऊन सांगण्याची कायद्यात सक्ती आहे का, हाही प्रश्न येतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १९ प्रमाणे हत्यार बाळगणाऱ्याकडं कुठलाही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. मागितल्यावर दाखवला नाही तर तो नाव-पत्ता विचारू शकतो, हत्यार जप्त करू शकतो. नाव-पत्ता द्यायला नकार दिला किंवा खोटा दिल्याचा संशय आला तर वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. म्हणजे कायदा बोलतो तो मागितल्यावर दाखवण्याबद्दल. म्हणूनच मी जागा बघून वागतो. दुपारी दसरा चौकात सिग्नलवर हेल्मेटसाठी थांबवलं, आजूबाजूला पन्नास माणसं, तर तिथं मोठ्यानं हत्याराची घोषणा मी करत नाही. गाडीचं लायसन आणि आरसी दाखवून, पावती फाडून निघतो. पण गाडीतून उतरा म्हणाले, झडती घ्यायची म्हणाले, किंवा माझा हात कमरेच्या जवळून जाणार असेल, तर हळू आवाजात जवळ बोलावून सांगतो. रात्रीची नाकाबंदी आणि निवडणुकीतली तपासणी पथकं असतील तर पहिल्याच वाक्यात. तिथं झडती होणारच असते, आणि त्यांना ते स्वतः सापडलं तर पुढची सगळी बोलणी वेगळ्या सुरात होतात.

'दाखवा' म्हणाले तर? हा प्रश्न तुम्ही अगदी बरोबर विचारलात, कारण अपघात होतात ते बहुतेक ह्याच क्षणी. पहिल्यांदा परवान्याचं पान पुढं करा, ज्यावर हत्याराचा नंबर आहे ते. मी त्या पानाला कागदाची पट्टी लावून ठेवली आहे, पावसासाठी प्लास्टिकच्या कव्हरात. सोबत युनिक आयडी (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) आणि नूतनीकरणाची नोंद असलेली पानं. बऱ्याचदा तिथंच समाधान होतं. तरी नंबर ताडून बघायचाच असेल तर गाडीत बसल्या बसल्या काढू नका. विचारा: 'साहेब, तुम्ही स्वतः काढून घेता की मी उतरून काढू?' ते घेणार असतील तर हात वर धरून कूस त्यांच्याकडं करा आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, रिकामं आहे की नाही हे आधी सांगा. मी चेंबरमध्ये राउंड ठेवत नाही, धंद्यावरून ये-जा करणाऱ्याला त्याची गरज नाही असं माझं ठाम मत आहे.

तुम्हालाच काढायला सांगितलं तर उतरा, रस्त्याकडं नाही तर मोकळ्या मातीकडं तोंड करा, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझीन (मुठीतली राउंडची पेटी) काढा. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागं ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली, तर मॅगझीनमधला राउंड चेंबरमध्ये चढतो आणि रिकामं समजून दिलेलं पिस्तूल भरलेलं असतं. रिव्हॉल्वरवाल्यांनी सिलिंडर उघडून राउंड हातात घ्यावेत. स्लाइड मागं अडकवलेलं पिस्तूल द्या, मॅगझीन वेगळं द्या.

कधी कधी निव्वळ उत्सुकतेपोटी 'बघू की जरा कसलं हाय' असंही कुणी म्हणतं. अशा वेळी मी सरळ सांगतो, 'साहेब, रस्त्यावर नको, ठाण्यात चला, तिथं निवांत दाखवतो.' आजवर कुणी वाईट मानलेलं नाही.

गाडीतल्या माणसांना आधीच सांगून ठेवा. ड्रायव्हर, पाहुणे, पोरं. मागच्या सीटवरून 'आमच्या पप्पांकडं बंदूक आहे' असा आवाज येण्यापेक्षा तुम्हीच बोललेलं बरं. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण आमच्या धंद्यातल्या एकाचं ह्यात फार हाल झाले: पिस्तूल गाडीत ठेवून ड्रायव्हरला एकट्याला पाठवू नका. परवाना तुमच्या नावावर आहे. तुम्ही सोबत नसाल तर ते हत्यार त्या बिचाऱ्याच्या ताब्यात विनापरवाना आहे. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणासाठी दुसऱ्याच्या हाती पाठवायचं तरी तुमचं लेखी अधिकारपत्र लागतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या जिल्ह्यात परवाना बरोबर असूनही माणूस अडकतो त्या जागा सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे सीमा. हुपरीहून निपाणीला, बेळगावला जाणं आपल्याला घरच्यासारखं. पण परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते आज उघडून वाचा. महाराष्ट्रापुरतं असेल तर कागल सोडून कोगनोळीच्या टोलनाक्यावर पोचलात की तुम्ही कर्नाटकात, आणि तिथं तो परवाना चालत नाही. व्यापार तिकडं असेल तर संपूर्ण भारताच्या क्षेत्रासाठी रीतसर अर्ज करा, तोवर हत्यार घरी.

दुसरी जागा राधानगरी. दाजीपूरवरून फोंडा घाटानं कोकणात उतरताना अभयारण्य लागतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, मग परवाना कितीही पक्का असो. वनखात्याच्या नाक्यावर 'माझं संरक्षणासाठी आहे' हे सांगून उपयोग नाही. त्या रस्त्यानं जायचं असेल तर पिस्तूल न्यायचंच नाही.

तिसरं, जत्रा आणि मिरवणुका. परवान्याच्या अटींतच आहे की खास परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात आणि शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार न्यायचं नाही. म्हणजे चैत्रातली जोतिबाची यात्रा, नवरात्रात अंबाबाईचं दर्शन, दसऱ्याचं सोनं लुटणं, गणपतीची मिरवणूक, इथं कुठंही नाही. आणि पोराला शाळेतून आणायला जाताना नाही, हे लोक विसरतात. शिवाय सणासुदीला जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश काढतात, सहसा पंधरा-पंधरा दिवसांचे. वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापून येतात. ते वाचायची सवय लावा, आणि शंका आली तर तुमच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा.

निवडणूक लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. आली तर ज्या दिवशी जमा करायला ठाण्यात निघाल त्या दिवशी ती नोटीस परवान्यासोबत खिशात असू द्या, कारण आचारसंहितेत वाटेत तपासणी लागतेच. जमा केल्याची पावती घ्या, तीवर हत्याराचा नंबर आणि राउंडची संख्या लिहिलेली आहे ना ते काउंटरवरच वाचा. रस्त्यात जप्त झालं तरी हेच: वाद घालू नका, पंचनाम्याची किंवा जप्तीची प्रत मागा, राउंड समोर मोजून लिहायला लावा. परवान्यावर जेवढे राउंड बाळगायची मुभा आहे त्यापेक्षा एकही जास्त अंगावर नको.

दारू घेतली असेल तर हत्यार नको आणि गाडीही नको, ह्यावर आणखी लिहीत नाही.

नेमबाजीच्या पोरांसाठी दोन ओळी. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये पदक आणल्यापासून रायफलची लांब पेटी घेऊन जाणारी मुलं पाठवायला आईबाप आनंदानं तयार होतात, हे बघून बरं वाटतं. बाळांनो, पेटी कुलूपबंद ठेवा, राउंड वेगळे, क्लबचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्र वरच्या कप्प्यात. दहा मीटरच्या एअर रायफलला परवाना लागत नसला तरी तिचं खरेदीचं बिल सोबत असू द्या, कारण अंधारात ती खऱ्या रायफलसारखीच दिसते.

हुपरीच्या मित्राला शेवटचं सांगतो. ह्या आठवड्यात एकदा अंधार पडल्यावर गाडी घराच्या दारात लावा. पिस्तूल आत कपाटात कुलपात, कमरेला नुसतं रिकामं होल्स्टर. वहिनींना बॅटरी घेऊन खिडकीशी उभं करा आणि 'लायसन दाखवा' म्हणायला सांगा. तुम्ही ते वाक्य मोठ्यानं म्हणा, डाव्या खिशातून पाकीट काढा. उजवा हात जागचा हलतो का, शर्ट वर सरकतो का, ते त्यांना नीट बघायला सांगा. माझा पहिल्या तीन वेळा हलला होता.