पाणी ओसरलं तरी आत जायची घाई नको

तुझा मेसेज वाचला. पुरानंतर म्युझियमच्या दारापर्यंत चिखल आहे आणि आत सगळं भिजत पडलंय, मग जीव किती कासावीस होत असेल ते कळतं मला. पण बिल्डिंग सेफ आहे असं इंजिनीअर सांगेपर्यंत आणि लाइट मेनमधून बंद झालीय याची खात्री होईपर्यंत कुणालाही आत सोडू नकोस, कितीही मौल्यवान वस्तू असू दे. पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं, शिवाय पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांना पूर्वी आर्सेनिक लावायचे, तेव्हा ग्लोव्हज, गमबूट, मास्क सगळं हवंच.

आत गेल्यावर पहिलं काम फोटो. कुठली वस्तू कुठे पडलीय ते टिपल्याशिवाय काही उचलायचं नाही, कारण लेबल गेलं की भांडं वाचतं पण ते कुठून आलं, कुणी दिलं हे कायमचं जातं. नवीन टॅग पेन्सिलने लिही, पेनाची शाई फुटते. आणि चिखल लगेच बाहेर फेकू नका प्लीज! १९६६ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला पूर आला तेव्हा चिमाबुए या जुन्या चित्रकाराने रंगवलेल्या लाकडी क्रूसावरचा बराचसा रंग निघून गेला, तिथे लोकांनी चिखलातून रंगाचे बारीक कपचे वेचले होते.

सगळ्यात जास्त धास्ती कागदाची. ४८ तासांत बुरशी धरायला लागते. भिजलेलं पुस्तक फुगून लिबलिबीत होतं, ते उघडू नको, दाबून बंदही करू नको, खाली कडक पुठ्ठा सरकवून तसंच उचल. चकचकीत कागदाची पानं वाळताना एकमेकांना अशी चिकटतात की मग सुटतच नाहीत, म्हणून जे दोन दिवसांत वाळवणं शक्य नाही ते गुंडाळून सरळ फ्रीझ करायचं, त्याने वेळ मिळतो. जुने काचेवरचे फोटो मात्र फ्रीझरमध्ये अजिबात नकोत. ओलं कापड स्वतःच्याच वजनाने फाटतं, चादरीवर घेऊन दोघांनी उचला. लाकूड हळूहळू वाळू दे, धातू लवकर कोरडा कर. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच, नुसती हवा खेळती ठेव.

आणि नोंदी करायला एक माणूस वेगळाच बसव, त्याने कशालाच हात लावायचा नाही. आज रात्रीच कोल्ड स्टोरेजवाल्याशी बोलून ठेव आणि आतले पहिले फोटो निघाले की मला पाठव, आधी काय उचलायचं ते दोघं मिळून ठरवू.