पाळक माझं नाव का घेतात? लेकाला पत्र

सोन्या,

रविवारी आज्जीला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा पाळकसाहेब तिच्याकडे बसले होते आणि फोन ठेवायच्या आधी त्यांनी प्रार्थना केली, त्यात तुझं नाव घेतलं, फुटबॉल खेळताना दुखावलेल्या तुझ्या गुडघ्यासाठीही मागितलं, आणि नंतर झोपताना तू विचारलंस की आई, हे मला कधी भेटलेसुद्धा नाहीत मग माझ्यासाठी एवढं का मागत होते, आणि त्यांना सगळे पाळक का म्हणतात, आणि तू का रडलीस. उद्या सांगते म्हटलं होतं मी. पण तोंडी सांगायला गेले की अर्धं राहून जाईल म्हणून लिहितेय, वाचताना कुठे अडलास तर विचार.

चर्चच्या पास्टरला आपण मराठीत पाळक म्हणतो, पाळक म्हणजे पाळणारा, सांभाळणारा. पास्टर ह्या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थ पण मेंढपाळच आहे. पण तू मेलबर्नच्या बाहेर जी मेंढरं बघितलीस ती तारेच्या कुंपणात आपली आपली चरत असतात, जवळ माणूस दिसतच नाही. आपल्याकडे चिकोडी, रायबाग, अथणीच्या बाजूला धनगर मेंढरांबरोबर चालत असतो, पुढे मेंढरं मागे तो, सोबत बायको, पोरं, घोड्यावर संसार. पीक निघालं की शेतकरी त्याला रानात मेंढरं बसवायला बोलावतो, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून, आणि बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. रात्री मेंढरांभोवती वाघर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि धनगर तिथंच बाजूला घोंगडं पांघरून पडतो. चालवत नसलेलं कोकरू तो काखेत घेऊन चालतो, मी लहानपणी एसटीच्या खिडकीतून कितीदा बघितलंय. म्हणून मला पाळक हा शब्द ऐकला की ते घोंगडं आठवतं.

आणि ते तुला ओळखत नाहीत असं नाही हं. तू पोटात होतास तेव्हापासून ओळखतात. सांगते कसं.

मी नववीत होते तेव्हा तुझे आजोबा बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर होते. ती फौंड्री बंद पडली आणि तीन महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. आजोबा कुणाशी बोलेनासे झाले आणि चर्चमधल्या रविवारच्या भक्तीला यायचे पण बंद झाले, कारण अर्पणाची थैली पुढे आली की हात रिकामा दिसतो, हे त्यांनी खूप वर्षांनी आईला सांगितलं, तेव्हा आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. तेव्हा हे पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदली होऊन आलेले, लुनावरून फिरायचे. बेळगावचा पाऊस तुला माहीत नाही, जुलैमध्ये सूर्य दिसत नाही आठ आठ दिवस. अशा पावसात रेनकोट निथळत एका मंगळवारी संध्याकाळी ते दारात उभे. भक्तीला का येत नाही असं एका शब्दाने विचारलं नाही. आत आले, सरळ स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, वहिनी चहा टाका की, मी भिजलोय. आणि तासभर आजोबांना फौंड्रीतलंच विचारत बसले, साचा कसा करतात, वाळू कसली लागते, लोखंड ओतताना अंदाज कसा घेतात, आणि आजोबा सांगायला लागले रे, दोन महिन्यांत पहिल्यांदा एवढं बोलले असतील.

जाताना त्यांनी आजोबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, प्रभो, ह्या हातांना काम येतं, ह्या हातांना काम दे. बस एवढंच. आजोबांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मग ते दर मंगळवारी यायला लागले. काम मिळायला पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत देवाची इच्छा, देव परीक्षा घेतोय, असलं काही त्यांच्या तोंडातून आलं नाही आणि ह्यासाठी मी त्यांना आजपर्यंत मानते. आजोबा आपणहून कधी भक्तीला परत आले ते कळलंच नाही.

त्यांच्याकडे एक लांबडी वही असायची, हिशोबाची असते तसली. घराला एक पान. कोण आजारी, कुणाचं लग्न ठरत नाही, कुणाचा पोरगा दारू प्यायला लागलाय. पहाटे पाचला उठून ते आणि पाळकीणबाई पानं उलटत प्रार्थना करायचे. ती वही ते कुणाला दाखवायचे नाहीत, पण एकदा पावसात भिजली म्हणून आमच्याच चुलीजवळ वाळत ठेवली होती आणि आमचं पान उघडं होतं, त्यात माझ्या नावापुढे लिहिलेलं, दहावी, गणिताची भीती. मी हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, आईने सांगितलं असणार. पेपरच्या दिवशी पहाटे मला जाग आली आणि घड्याळात पाच वाजलेले बघितले, मला वाटलं आत्ता माझं नाव घेतायत. गणित काही सोपं गेलं नाही. पण मी एकटी नव्हते.

मागितलं की मिळतंच असं मी तुला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. आमच्या गल्लीत तुझ्याएवढी एक मुलगी होती, तिच्यासाठी अख्ख्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सगळ्या माणसांनी, उपवास धरला होता आणि तरी ती गेली. दफनाच्या वेळी पाळकांनी ठरलेले शब्द म्हटले आणि मग तिच्या बाबांच्या शेजारी चिखलात खाली बसले, किती तरी वेळ. बाबांनी विचारलं का नेलं, तर म्हणाले, मीपण त्याला तेच विचारतोय अण्णा.

हे घरोघरी जाणं मेथॉडिस्टांच्या, म्हणजे आपल्या ख्रिस्ती पंथाच्या, मुळातच आहे. 1742 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला हा पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं, म्हणून बारा-बारा जणांचे गट करून एकेकाने आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायचं ठरलं. दारोदार गेल्यावर कुणाच्या घरात काय चाललंय ते कळायला लागलं, आणि मग माणसांची विचारपूस करायला जाणं हेच मुख्य काम झालं. बेळगावात 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले, आणि 1904 मध्ये त्या सोसायटीने इथलं काम मेथॉडिस्टांकडे दिलं, आपली मंडळी त्यातलीच. पण खरं सांगू, आपल्या भागात आल्या आल्या जेवलास काय विचारतात आणि निघताना येतो म्हणतात, जातो कधी म्हणत नाहीत, ती माया त्या चालीत मिसळली म्हणून ती आपली झाली. सगळेच पाळक असे नसतात हेही लिहिते. एक असेही होते जे फक्त वर्गणीच्या वेळेला दिसायचे, त्यांचा चेहरापण मला नीट आठवत नाही.

आणि अजून एक, तुझ्या लक्षात आलं का माहीत नाही. आज्जी पाळकांना तुम्ही म्हणते, तू आजोबांना तुम्ही म्हणायचास, पण प्रार्थनेत देवाला तू. इंग्लिशमध्ये सगळ्यांना यू, तिथं हे कळणारच नाही. मराठीत आईला तू म्हणतो तसंच देवाला, वारकरी विठ्ठलाला म्हणतात तसंच, आणि कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले तरी त्यांनी ओव्या-अभंग सोडले नाहीत, त्याच चालीत येशूला तू म्हणत गायले. आपल्या भक्तीत पेटी, तबला, टाळ असतात ते त्यामुळेच शोभतात. आमचे पाळक मराठीत प्रार्थना सुरू करून मध्येच कन्नडमध्ये जायचे, समोरच्या बाकावर कन्नड अज्जी बसलेली असायची म्हणून. बाहेर 1956 पासून भाषेवरून एवढं चाललेलं, बोर्ड, मोर्चे, आणि मराठी माणूस म्हणून त्याचं दुःख मला आहेच, पण त्या अज्जीच्या पायाचं दुखणं ते तिच्याच भाषेत देवाला सांगायचे आणि आम्ही सगळे आमेन म्हणायचो.

मेथॉडिस्टांत पाळकांच्या बदल्या होतात, बिशप नेमतील तिकडे जायचं. मी बारावीत असताना त्यांची झाली. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा आजोबा एकटेच त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले. नंतर ते कुठे कुठे होते, पण आज्जीला महिन्यातून एकदा फोन यायचाच, माझं लग्न, आपलं इकडे येणं, तू होणार हे, सगळं त्यांना कळत गेलं. आता रिटायर होऊन बेळगावातच राहतात. आता कुठल्या मंडळीची नेमणूक नाही, पगार नाही, तरी रिक्षा करून येतात. आजोबा गेल्यावर आज्जी एकटी असते म्हणून मंगळवारी यायचे, ह्या वेळी आपला कॉल असतो म्हणून मुद्दाम रविवारी आले. त्या प्रार्थनेत त्यांनी आजोबांचे हात आठवले, तू ऐकलंस ना, त्यालाच मला रडू आलं.

वही अजून आहे, नवी, आणि अक्षर आता मोठं काढतात कारण डोळ्यात मोतीबिंदू आहे. पुढच्या गुरुवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मंगळवारी तू शाळेतून आलास की तिकडे सकाळच असेल, तेव्हा आपण त्यांना फोन लावू. गुडघा कसा आहे ते तूच सांग, मराठीत सांग, चुकलं तरी चालेल. आणि डोळ्याचं विचार, विसरू नकोस.

तुझी
आई