पाठ होत नाही, बायोकेमिस्ट्री सोडू का?

‘मॅडम, सगळं पाठ करून जाते आणि पेपर हातात आला की काहीच आठवत नाही. हे सोडून बीएला जाऊ का?’ बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातली, मालवणकडच्या मासेमार घरातली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) निकाल लागला की हा प्रश्न दरवर्षी येतो.

तिची वही बघितली. क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांचं चक्र, अकरा वेळा लिहिलेलं, एकही नाव चुकलेलं नाही. विचारलं, ‘सायट्रेटमध्ये कार्बन किती?’ ती गप्प झाली, डोळे भरून आले. मला वाईट वाटलं. एवढे कष्ट, आणि सगळे नुसत्या नावांवर.

मग म्हटलं, ‘बर्फाविना राहिलेला बंगडा खाल्ला तर काय होतं गं?’

‘तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. तळला तरी होतंच.’

बंगड्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गार ठेवला नाही की जिवाणूंचं एन्झाइम त्यातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात काढून टाकतं आणि हिस्टामीन तयार होतं; खाज त्याचीच. तव्यावरच्या आचेने ते नष्ट होत नाही. तिला हिस्टिडीनच्या कार्बनचे सहा ठिपके काढायला लावले, एक खोडायला लावला. मग क्रेब्ज चक्रही तसंच काढलं: असिटाइलचे दोन आणि ऑक्झॅलोअसिटेटचे चार, मिळून सायट्रेटचे सहा. पाचावर आली तेव्हा पेन थांबलं. ‘इथेही कार्बन डायऑक्साइडच गेला?’ एन्झाइम वेगळं, पण हो, तोच गेला. पुढे चार तिने स्वतःच काढले.

मनच नसेल तर विषय जरूर बदलावा. पाठांतर जमत नाही एवढ्यासाठी मात्र बदलू नये. आधी मराठीत, आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे; पेपरातलं इंग्रजी त्यानंतर.

पुढच्या खेपेला वडील आले. ‘मॅडम, ह्या शिकान चेडवाक काम खयचा गावतला?’ मी स्पष्ट सांगितलं: नुसत्या बीएस्सीवर वाटा थोड्या. पॅथॉलॉजी लॅबसाठी डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करावी लागेल, पुढे शिकायचं तर एमएस्सीची प्रवेश परीक्षा. मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यांतही लॅब असते आणि तिथे हेच हिस्टामीन तपासतात. हे ऐकून ते जरा पुढे सरकून बसले.

त्या सत्रात तिची एक केटी, म्हणजे एक विषय, राहिलीच. पण बीएचा फॉर्म काही तिने आणला नाही.