बोअरचे ग्राइंडिंग लेथवरच करता येईल का?

प्रश्न : लातूरच्या एमआयडीसीत माझे लहान वर्कशॉप आहे. डाळमिलच्या यंत्रांचे हार्डन केलेले, म्हणजे कठीण बनवलेले बुश (नळीसारखे भाग; बोअर म्हणजे आतले भोक ४० मिमी, लांबी ५० मिमी) ग्राइंडिंगसाठी मला छत्रपती संभाजीनगरला पाठवावे लागतात. लेथच्या टूल पोस्टवर (हत्यार धरणाऱ्या भागावर) डाय ग्राइंडर बांधून पाहिला, पण बोअरला लाटा येतात आणि तोंडाशी माप मोठे भरते. स्वतःच टूल पोस्ट ग्राइंडर बनवावा का? – एक वाचक, लातूर

उत्तर : अवश्य बनवा, मात्र आधी या दोन दोषांचे मूळ पाहा. डाय ग्राइंडर हातात धरून वापरायचा असतो. त्याच्या बेअरिंगमधला थोडासा खेळ हातकामात जाणवत नाही, तोच बोअरवर लाटा होऊन उमटतो. तोंडाचे कारण वेगळे आहे. आत चाकाची पूर्ण रुंदी घासत असल्याने स्पिंडल (चाक फिरवणारा दांडा) किंचित वाकलेला राहतो. चाक बाहेर जास्त आले की भार उतरतो, स्पिंडल सरळ होतो आणि उरलेली कडा जादा धातू खाते. म्हणून चाक रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त बाहेर काढू नये.

खरा खर्च आणि खरी मेहनत स्पिंडलवर करावी. अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग (आडवा आणि अक्षाच्या दिशेचा असे दोन्ही भार घेणारी) पी४ या अतिअचूक वर्गाची घ्यावीत आणि मागच्या बेअरिंगला स्प्रिंगने प्रीलोड (खेळ काढणारा कायमचा दाब) द्यावा, म्हणजे स्पिंडल तापून लांबला तरी दाब साधारण तेवढाच राहतो. चाकाकडचा दांडा शक्य तितका जाड आणि आखूड हवा, कारण वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो : ६० मिमीऐवजी ७५ मिमी दांडा बाहेर ठेवला, तर त्याच भाराला वाक जवळजवळ दुप्पट होतो.

चाकाचा व्यास बोअरच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असावा. तुमच्यासाठी २८ मिमीचे, पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, ६० ग्रेनचे (हा कणांच्या जाडीचा आकडा) चाक चालेल. त्याच्या कडेला सेकंदाला सुमारे २५ मीटर वेग मिळण्यासाठी १७,००० आरपीएम लागतात. २,८८० आरपीएमची मोटर, १५० आणि २५ मिमीच्या पुली एवढ्याने ते साधते. पट्टा पातळ, बिनजोड आणि सपाट घ्यावा, कारण जोडाचा प्रत्येक ठोका कामावर दिसतो. मोटर थ्री फेज असावी, सिंगल फेजची थरथर अशा कामाला सोसत नाही. चाकावर लिहिलेली वेगाची कमाल मर्यादा ओलांडू नये आणि गार्ड व चष्म्याशिवाय स्विच दाबू नये.

जॉब चाकाच्या उलट दिशेने फिरवावा, म्हणजे स्पर्शाच्या जागी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांविरुद्ध जातात. कम्पाउंड स्लाइड (टूल पोस्टखालची, कोनात वळवता येणारी स्लाइड) लेथच्या अक्षाशी ५ अंश ४४ मिनिटांवर बसवली, की डायलवरच्या ०.०१ मिमीला कामावर ०.००१ मिमी खोली मिळते. साध्या लेथवर मायक्रॉनचे माप धरण्याचा याहून सोपा मार्ग माझ्या माहितीत नाही. चाक डायमंडने ड्रेस करूनच (त्याची कड छिलून साफ करूनच) सुरुवात करावी आणि शेवटचे काही पास नवी फीड न देता, म्हणजे चाक आणखी आत न सरकवता, ठिणग्या थांबेपर्यंत घ्यावेत.

ग्राइंडिंगची धूळ लेथच्या बेडला खाऊन टाकते. बेड आणि स्लाइड ओल्या कापडाने झाकाव्यात, काम संपल्यावर कापड घडी घालून उचलावे, हवेचा झोत मारू नये, आणि बेडचे सरकमार्ग पुसून नवे तेल लावल्याशिवाय सॅडल (त्यांवरून सरकणारा भाग) हलवू नये.