स्कॉटलंडला शिकायला निघालेल्या ट्रेकर मैत्रिणीला

एडिनबरोला पोचलीस की आधी विद्यापीठाच्या हिलवॉकिंग क्लबात नाव घाल. कळसूबाई केलंय, बेन नेव्हिस तर त्याहून बुटका, असं मनात आणू नकोस. १३४५ मीटरचा तो डोंगर जवळपास समुद्रसपाटीपासून चढावा लागतो, आणि माथ्यावर जूनमध्येही बर्फ असू शकतो. नकाशा आणि होकायंत्र वापरायला शीक. थंडीत मोबाइलची बॅटरी मान टाकते. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, म्हणून सकाळी अंधारातच निघायचं. वाटेतलं फाटक जसं असेल तसंच ठेव, तिथे मेंढ्या चरत असतात.

आणि ‘केली’ (ceilidh) या तिथल्या सामूहिक नाचाला जाच! पावलं येत नसली तरी चालतं, आधी ओरडून शिकवतात, मग फिडल, म्हणजे व्हायोलिन, सुरू होतं. साडी नेसलीस तर पदर घट्ट खोच, गिरक्या फार जोरात असतात.