तुरुंगातून सुटला की तुरुंगवास टळला?

प्रश्न : मी मराठी बातम्यांचा इंग्रजीत सारांश लिहिते. परवा ‘चालक अपघातातून बचावला’ याचं मी ‘द ड्रायव्हर एस्केप्ड फ्रॉम द ॲक्सिडेंट’ असं केलं. संपादकांनी आधी ‘फ्रॉम’ खोडलं, मग वाक्यच बदलून ‘द ड्रायव्हर एस्केप्ड अनहर्ट’ केलं. त्याच पानावरचं ‘एस्केप्ड फ्रॉम कस्टडी’ मात्र तसंच ठेवलं. ‘एस्केप’पुढे ‘फ्रॉम’ नेमकं कधी लावायचं? आणि त्याऐवजी ‘इव्हेड’ किंवा ‘इल्यूड’ चालेल का?

उत्तर : तुमच्या संपादकांनी दोन्हीकडे बरोबरच केलं. घोळ होतो तो आपल्या ‘-तून’मुळे. पोपट पिंजऱ्यातून सुटतो, चालक अपघातातून बचावतो आणि आरोपी शिक्षेतूनही सुटतो. मराठीला तिन्हीकडे एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजीत मात्र आधी बघायचं, की तो माणूस त्या गोष्टीच्या आत सापडला होता का?

सापडला होता आणि बाहेर पडला, तर ‘फ्रॉम’ हवं. ‘ही एस्केप्ड फ्रॉम प्रिझन’ म्हणजे कोठडीत होता, तिथून पळाला. नळीतून वायू बाहेर आला तरी ‘गॅस एस्केप्ड फ्रॉम द पाइप’ असंच म्हणतात. पण संकट अंगावर येता येता टळलं असेल, तर ‘फ्रॉम’ नको. ‘ही एस्केप्ड प्रिझन’ याचा सरळ अर्थ असा, की त्याला तुरुंगात जावंच लागलं नाही, दंडावर किंवा ताकिदीवर भागलं. एका शब्दाने माणूस फरारी ठरतो किंवा ठरत नाही! म्हणूनच ‘एस्केप्ड डेथ’, ‘एस्केप्ड पनिशमेंट’ यांत ‘फ्रॉम’ येत नाही. तुरुंगातून पळालेल्यासाठीही काही बातम्यांत ‘फ्रॉम’ गाळलेलं दिसेल. वाचणाऱ्याला तिथे संदर्भावरून अर्थ लावावा लागतो. तुम्ही ते गाळू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

आता तुमचा चालक. त्याची गाडी आदळली, म्हणजे अपघात त्याला चुकला नाही. ‘एस्केप्ड द ॲक्सिडेंट’ म्हटलं तर तो अपघातात सापडलाच नाही असं वाटेल. त्याची सुटका झाली ती दुखापतीतून. म्हणून ‘एस्केप्ड अनहर्ट’. थोडं खरचटलं असेल तर ‘एस्केप्ड विथ मायनर इंज्युरीज’. नुसतं जिवावरचं टळलं असेल तर ‘सर्व्हाइव्ह्ड’ हे साधं क्रियापद मला जास्त आवडतं.

‘एस्केप’ची व्युत्पत्ती कळली की हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. कोशकारांच्या मते लॅटिनमधलं ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि उत्तरकालीन लॅटिनमधलं ‘काप्पा’ म्हणजे अंगावरचा झगा, यांपासून तो शब्द आला. पाठलाग करणाऱ्याच्या मुठीत झगा राहिला आणि माणूस निसटला!

‘इव्हेड’ आणि ‘इल्यूड’ यांना ‘फ्रॉम’ कधीच लागत नाही. ‘ही इव्हेडेड द पुलिस फॉर थ्री डेज’ म्हणजे तीन दिवस त्याने पोलिसांना चुकवलं, तो हाती लागलाच नव्हता. पकडला जाऊन मग पळाला असेल, तर पुन्हा ‘एस्केप्ड फ्रॉम’. ‘इव्हेड’मध्ये बहुतेकदा जे करायला हवं ते हेतुपुरस्सर चुकवणं असतं. प्रश्नाला बगल देणं म्हणजे ‘इव्हेड द क्वेश्चन’.

या शब्दाबाबत मी स्वतः एक मोठी चूक केली आहे. भाषांतराच्या कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी माझ्याकडे कायदेशीर सवलती घेऊन कर वाचवण्यावरचा एक लेख आला होता. मी पानोपानी ‘टॅक्स इव्हेजन’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी फोन करून विचारलं, “या माणसाला तुम्ही गुन्हेगार का ठरवताय?” कर वाचवणं म्हणजे ‘टॅक्स अव्हॉइडन्स’, ते कायद्याच्या चौकटीत बसतं. कर चुकवणं म्हणजे ‘टॅक्स इव्हेजन’, तो गुन्हा. मराठीत ‘वाचवणं’ आणि ‘चुकवणं’ यांतला फरक मला उत्तम कळत होता, तरी इंग्रजी लिहिताना मी तो सोडून दिला. तेव्हापासून हे दोन शब्द लिहिण्याआधी मी मूळ मराठी वाक्य मोठ्याने वाचते.

‘इल्यूड’ला मराठीत ‘हुलकावणी देणं’ इतका नेमका शब्द आहे, की मला त्याचा फार आनंद वाटतो. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘लुदेरे’, म्हणजे खेळणं, आहे. गुन्हेगार पोलिसांना हुलकावणी देतो, तसं यशही माणसाला देतं : ‘सक्सेस इल्यूडेड हर’. इथे कर्ता यश आहे, ती बाई नव्हे. ‘एस्केप’चंही कधी कधी असंच होतं. ‘द नेम एस्केप्स मी’ म्हणजे नाव आठवत नाही. हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांना उलटं वाटतं, पण ‘मला नाव आठवत नाही’ यात तरी ‘मी’ कुठे कर्ता आहे? आठवत नाही ते नावच.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी ‘अव्हॉइड’बद्दल सांगते, कारण बातम्यांत ते रोज लागेल. ‘मंत्र्यांनी बोलणं टाळलं’ याचं ‘अव्हॉइडेड टु स्पीक’ करू नका. ‘अव्हॉइडेड स्पीकिंग’च करा. आपल्या ‘बोलणं’मधला ‘-णं’ तिथे ‘-इंग’ होतो, एवढं धरून ठेवलंत की हात अडखळणार नाही. ‘एस्केप’लाही हेच लागू : शिक्षा होता होता वाचला तर ‘ही एस्केप्ड बीइंग पनिश्ड’.